मंदी, महामंदी आणि केळं

१९७८ साली अमेरिकेत आल्फ्रेड कान नावाचे एक अर्थतज्ज्ञ राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे महागाईविषयक सल्लागार होते. माणूस विद्वान, पण जिभेला हाड नाही. महागाई अशीच वाढत राहिली तर देशात डिप्रेशन येऊ शकतं, असं ते जाहीरपणे बोलून गेले. व्हाइट हाउसमध्ये गडबड उडाली. हा शब्द पुन्हा उच्चारायचा नाही, अशी त्यांना तंबी मिळाली. कान यांनी ती अक्षरशः पाळली. पुढच्या वेळी ते म्हणाले की देशावर गेल्या ४५ वर्षांतलं सर्वांत वाईट 'केळं' येण्याचा धोका आहे. मग केळी विकणाऱ्या एका कंपनीने तक्रार केली, तेव्हा त्यांनी केळं सोडलं आणि कमक्वाट नावाचं एक छोटंसं आंबट फळ वापरायला सुरुवात केली.

हा किस्सा मला फार आवडतो, कारण त्यात एक खरा प्रश्न दडलेला आहे. ज्या शब्दाला सरकार इतकं घाबरतं, त्या शब्दाचा नेमका अर्थ काय? मंदी कधी संपते आणि महामंदी कधी सुरू होते? २००८-०९ मध्ये ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज कुणीतरी म्हणायचं, "ही महामंदीच आहे रे." २०२० मध्येही तेच ऐकलं. २०२२-२३ मध्ये टेक कंपन्यांत नोकरकपातीची लाट आली तेव्हाही तेच. प्रत्येक वेळी एखादा शहाणा म्हणतो की छे, १९२९ बघा, त्यापुढे हे काहीच नाही. आणि मग वाद चहाबरोबर थंड होतो.

तर या शनिवारी हा वाद जरा नीट घालू.

आधी शब्दांची गंमत. आपल्याला वाटतं की डिप्रेशन हा भयंकर शब्द आणि रिसेशन हा सौम्य. पण पूर्वी डिप्रेशन हाच सौम्य शब्द होता! एकोणिसाव्या शतकात अर्थव्यवस्था कोसळली की अमेरिकेत 'पॅनिक' म्हणायचे. १८७३ चं पॅनिक, १८९३ चं पॅनिक, १९०७ चं पॅनिक. त्यामानाने डिप्रेशन म्हणजे नुसता खोलगट भाग, रस्त्यात खळगा असावा तसा. १९२९ नंतर राष्ट्राध्यक्ष हूव्हर हाच शब्द वापरत राहिले. पण खळगा इतका खोल निघाला की शब्दच बदनाम झाला. १९३७ मध्ये अर्थव्यवस्था पुन्हा घसरली तेव्हा डिप्रेशन म्हणायची कुणाची हिंमत नव्हती, म्हणून रिसेशन हा शब्द प्रचारात आला. म्हणजे प्रत्येक पिढी आधीच्या पिढीचा जळलेला शब्द टाकून नवा घेते. आपण मराठीत इतकी मेहनत घेतली नाही. मंदीला 'महा' लावलं, काम झालं :-)

व्याख्येचं म्हणाल तर तिथेही आनंद आहे. लागोपाठ दोन तिमाही जीडीपी घसरला की मंदी, हा नियम आपण सगळे घोकून बसलो आहोत. तो कुठून आला? ज्यूलियस शिस्किन नावाच्या अमेरिकन सरकारी संख्याशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये वर्तमानपत्रात एक लेख लिहिला. त्यात मंदी ओळखायच्या अनेक खुणा दिल्या होत्या, त्यातली ही सर्वांत सोपी. बाकीच्या लोक विसरले, ही उरली. अमेरिकेत मंदीच्या अधिकृत तारखा ठरवते ती नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च ही संस्था, आणि ती हा नियम पाळत नाही. आणि महामंदीची? तिची व्याख्या या संस्थेकडे नाहीच. उत्पादन दहा टक्क्यांहून जास्त घसरलं किंवा घसरण दोन-तीन वर्षं टिकली तर महामंदी म्हणा, असे ठोकताळे आहेत. पण ते ठोकताळेच.

रेगन यांनी १९८० च्या निवडणुकीत ही अडचण आपल्या पद्धतीने सोडवली. ते भाषणात डिप्रेशन म्हणाले, अर्थतज्ज्ञांनी चूक काढली, तर त्यांनी एक जुना विनोद काढला : शेजाऱ्याची नोकरी गेली तर रिसेशन, तुमची गेली तर डिप्रेशन, आणि कार्टर यांची गेली की रिकव्हरी. निवडणूक जिंकले. पण विनोद बाजूला ठेवला तरी त्यात एक तथ्य आहे, त्याकडे नंतर येऊ.

आता मोजपट्टी म्हणून १९२९ घेऊ. सगळ्यांना शेअर बाजाराची पडझड माहीत असते. डाऊ जोन्स ३ सप्टेंबर १९२९ ला ३८१ वर होता आणि ८ जुलै १९३२ ला ४१ वर. म्हणजे दहातले जवळजवळ नऊ रुपये गेले. जुनी पातळी परत दिसायला नोव्हेंबर १९५४ उजाडला. पण बाजार पडणं ही महामंदी नव्हे. बाजार १९८७ मध्येही एका दिवसात २२ टक्के पडला होता आणि नंतर काहीही झालं नाही. १९२९ नंतर जे झालं ते वेगळं होतं. चार वर्षांत अमेरिकेचं खरं उत्पादन सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी घटलं. डॉलरमधला आकडा तर जवळजवळ निम्म्यावर आला. १९३३ मध्ये दर चार कामगारांमागे एक बेकार होता. नऊ हजारांच्या आसपास बँका बुडाल्या, आणि तेव्हा ठेवींचा विमा हा प्रकार नव्हता. बँक गेली की तुमचे पैसे गेले.

हे सगळे आकडे परिणाम आहेत. यंत्र आत कसं चाललं होतं ते सांगितलं अर्व्हिंग फिशर यांनी. या फिशरसाहेबांची कहाणी करुण आहे. येल विद्यापीठातले नामवंत अर्थशास्त्रज्ञ. बाजार कोसळायच्या थोडेच दिवस आधी, ऑक्टोबर १९२९ मध्ये, शेअरच्या किमती आता कायमच्या उंच पठारावर पोचल्या आहेत, असं ते बोलून गेले. नुसते बोलले असते तर ठीक, त्यांनी स्वतःचे सगळे पैसेही त्यात घातले होते. सगळं बुडालं. पण १९३३ मध्ये त्यांनी जो लेख लिहिला त्यात महामंदीचं आजवरचं सर्वांत नेमकं वर्णन आहे, असं माझं मत.

ते असं. लोकांच्या डोक्यावर कर्ज आहे. काहीतरी बिनसतं आणि सगळे एकदम कर्ज फेडायला धावतात. त्यासाठी माल विकतात, त्यामुळे भाव पडतात. भाव पडले की उत्पन्न पडतं, पण कर्जाचा आकडा आहे तिथेच राहतो. म्हणजे कर्ज खऱ्या अर्थाने वाढलं! एक उदाहरण करून पाहू. १९२९ मध्ये अमेरिकन शेतकऱ्याला बुशेलभर गव्हाचा एक डॉलर चार सेंट भाव मिळत होता. हजार डॉलरचं कर्ज म्हणजे साधारण ९६० बुशेल गहू. १९३२ मध्ये भाव ३८ सेंट झाला. तेच हजार डॉलर फेडायला आता २६०० बुशेल. गहू तोच, शेत तेच, सही केलेला कागदही तोच. मधल्या काळात त्याने थोडं कर्ज फेडलं असलं तरी तो आधीपेक्षा जास्त देणेकरी झाला.

आमच्या भाषेत याला डेडलॉक म्हणतात. मशीन स्लो झालेलं नाही, प्रत्येक प्रोसेस दुसऱ्याने हातातलं सोडायची वाट बघत बसली आहे. स्लो मशीन थांबलं तर आपोआप पुढे सरकतं. डेडलॉक आपोआप सुटत नाही, बाहेरून कुणीतरी हात घालावा लागतो. साधी मंदी आणि महामंदी यांत मला हाच फरक वाटतो. किती खोल हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण त्याहून महत्त्वाचा म्हणजे ती स्वतःच स्वतःला खोल नेते आहे का.

१९३० च्या दशकात हात घालणं अवघड होतं, कारण बहुतेक देशांचं चलन सोन्याला बांधलेलं होतं. नोटा छापायच्या तर सोनं हवं. ब्रिटनने सप्टेंबर १९३१ मध्ये ही गाठ सोडली, अमेरिकेने १९३३ मध्ये, फ्रान्सने थेट १९३६ मध्ये. आणि साधारण त्याच क्रमाने ते देश सावरले.

ही कसोटी घेऊन थोडं मागे जाऊ, १८७३ कडे. मे महिन्यात व्हिएन्नाचा बाजार कोसळला, सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाची जे कुक ही मातब्बर पेढी बुडाली, न्यूयॉर्कचा शेअर बाजार दहा दिवस बंद ठेवावा लागला. अमेरिकेच्या अधिकृत तारखांनुसार ही घसरण ६५ महिने चालली, म्हणजे १९२९ च्या ४३ महिन्यांपेक्षाही लांब. ब्रिटनमध्ये तर १८७३ ते १८९६ या पूर्ण काळालाच 'ग्रेट डिप्रेशन' म्हणत. १८८५ मध्ये त्यावर शाही आयोगही नेमला गेला. पुढे १९३० चं दशक आलं आणि त्याने हा किताब हिसकावून घेतला.

पण खरंच ती महामंदी होती का? भाव तेवीस वर्षं पडत होते हे नक्की. उत्पादन मात्र वाढत होतं. रेल्वे, आगबोटी, पोलाद, अमेरिकेतला स्वस्त गहू, यामुळे माल भरपूर झाला आणि स्वस्त झाला. ज्याची नोकरी टिकली त्या इंग्लिश कामगाराला तेवढ्याच पगारात जास्त पाव मिळू लागला. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी तेव्हाच साक्ष दिली होती की किमतींची, व्याजाची आणि नफ्याची मंदी मला दिसते, त्यापलीकडे फारशी कुठली मंदी मानायला कारण दिसत नाही. १९६९ मध्ये एस. बी. सॉल या इतिहासकाराने तर पुस्तकाच्या नावातच या महामंदीला 'मिथ' म्हणून टाकलं. आरडाओरडा कोण करत होतं? कारखानदार, जमीनदार आणि कर्जदार शेतकरी. म्हणजे ज्यांच्याकडे आयोगापुढे बोलायला तोंड होतं ते, असं म्हणण्याचा मोह मला होतो, पण अमेरिकन शेतकऱ्याच्या बाबतीत तो अन्याय होईल.

आपल्याकडे याचा विचित्र परिणाम झाला. रुपया चांदीचा. युरोप-अमेरिका सोन्याकडे वळल्याने चांदी पडली आणि तिच्याबरोबर रुपया. १८७० च्या सुरुवातीला जवळजवळ दोन शिलिंगांचा असलेला रुपया वीस वर्षांत सव्वा शिलिंगापर्यंत खाली आला. लंडनला पौंडात पैसे पाठवणाऱ्या सरकारची झोप उडाली आणि १८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद करण्यात आल्या. पण चांदीच्या देशांत माल विकणाऱ्यांना हे बरंच मानवलं. मुंबईच्या गिरण्यांचं सूत चीनमध्ये खपत होतं. जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ च्या १ जानेवारीला सुरू झाली, म्हणजे युरोपातल्या त्या तथाकथित महामंदीच्या ऐन मध्यात.

आता २००८. लेहमन ब्रदर्स १५ सप्टेंबरला बुडाली. पहिल्या वर्षात जगाचा व्यापार आणि औद्योगिक उत्पादन १९२९-३० इतक्याच, काही बाबतीत त्याहून जास्त वेगाने घसरत होतं. आयकेनग्रीन आणि ओ'रूर्क यांनी २००९ मध्ये दोन्ही काळांचे आलेख एकावर एक ठेवून दाखवले तेव्हा भल्याभल्यांची तंतरली. त्यामुळे कँटीनमधले भविष्यवेत्ते अगदीच चुकत नव्हते. पण दुसऱ्या वर्षी आलेख वेगळे झाले. अमेरिकेचं उत्पादन एकूण चारेक टक्के घसरून थांबलं, बेकारी १० टक्क्यांवर जाऊन वळली. ठेवींना विमा होता, चलनाला सोन्याची बेडी नव्हती, आणि फेडरल रिझर्व्हच्या खुर्चीत बेन बर्नांके होते, ज्यांचा अभ्यासाचा विषयच १९३० चं दशक. २००२ मध्ये मिल्टन फ्रीडमन यांच्या नव्वदीच्या समारंभात त्यांनी कबूल केलं होतं की तेव्हा चूक आमच्याच संस्थेची होती, पुन्हा करणार नाही. बँकांना वाचवण्यातला अन्याय मला अजूनही खटकतो. बोनस त्यांचे, बिल करदात्यांचं. पण डेडलॉक सुटला हे मान्य करावं लागतं.

मी तेव्हा पुण्यात एका मध्यम आकाराच्या कंपनीत होतो. क्लायंट अमेरिकन, त्यामुळे मंदी आमच्याकडे ईमेलने आली. बेंचवरची गर्दी वाढली, अप्रेझल गायब झालं, मग सरसकट पगारात दहा टक्के कपात. माझं भाड्याचं घर, मी चडफडलो आणि सिनेमे कमी केले. शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राने सहाच महिन्यांपूर्वी वाकडला फ्लॅट बुक केला होता. पगाराचा निम्मा भाग ईएमआयमध्ये. कपात दोघांनाही दहा टक्केच, पण हप्ता आणि आई-वडिलांना पाठवायचे पैसे वजा केल्यावर त्याच्या हातात जे उरायचं ते जवळजवळ संपलं. तोवर मी फिशर वाचला नव्हता. नंतर वाचला तेव्हा मला गव्हाच्या बुशेलपेक्षा हा मित्र आधी आठवला. देशाची वाढ मंदावली होती, थांबली नव्हती, त्यामुळे कुठल्याही व्याख्येने भारतात महामंदी नव्हती. हे त्याला समजावून काही उपयोग झाला नसता.

२०२० चं उलटं. खोली विचाराल तर भयानक. भारताचा जीडीपी एप्रिल-जून तिमाहीत जवळजवळ २४ टक्के कमी झाला, अमेरिकेत एप्रिलमध्ये बेकारी १४.७ टक्के. दहा टक्क्यांचा ठोकताळा त्या तिमाहीला लावला तर सरळ महामंदी. पण ती घसरण बाहेरून, दार बंद केल्यामुळे आलेली. दार उघडलं तसं काम परत सुरू झालं. अमेरिकेच्या अधिकृत नोंदीत ही मंदी फक्त दोन महिन्यांची, इतिहासातली सर्वांत छोटी. (आपल्याकडे गावी चालत गेलेल्या माणसांच्या दृष्टीने ती दोन महिन्यांची नव्हती, हे वेगळं.) खरी महामंदी बघायची असेल तर ग्रीसकडे बघा. २००८ नंतर पाचएक वर्षांत पाव अर्थव्यवस्था गेली, २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांच्या वर, आणि दहा-बारा वर्षांनीही जुनी पातळी परत आली नाही. युरोत असल्यामुळे त्यांना स्वतःचं चलन स्वस्त करता येत नव्हतं. सोन्याऐवजी युरोची बेडी, एवढाच फरक.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहायचा होता तिथे येतो : १९३० च्या दशकातला भारत. अभ्यासकांनी नंतर काढलेल्या आकड्यांत त्या काळात भारताचं एकूण उत्पादन फारसं घसरलेलं दिसत नाही. पीक तेवढंच आलं. म्हणजे जीडीपीची पट्टी लावली तर महामंदी नाहीच. पण शेतमालाचे भाव साधारण निम्मे झाले. शेतसारा मात्र रोख आणि ठरलेला. सावकाराचं व्याजही रोख आणि ठरलेलं. दुप्पट धान्य विकल्याशिवाय तेवढंच देणं भागत नव्हतं. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि वह्या जाळल्या, त्यामागेही हेच होतं. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापूस तेजीत असताना उधारी सहज मिळाली, भाव उतरल्यावर सावकाराने हात आखडता घेतला आणि सारा तेवढ्यात वाढला. आता तेच प्रचंड प्रमाणावर झालं.

त्यात भर रुपयाच्या दराची. सरकारने १९२७ मध्ये रुपया १८ पेन्सला बांधला होता. पुरुषोत्तमदास ठाकुरदास आणि मुंबईचे व्यापारी १६ पेन्स मागत होते, म्हणजे रुपया थोडा स्वस्त, शेतमालाला थोडा जास्त भाव. ऐकलं नाही. १९३१ मध्ये पौंड सोन्यापासून सुटला तेव्हाही रुपया पौंडाला त्याच दराने बांधलेला राहिला.

आणि तरीही याच काळात काही जणांचं उत्तम चाललं होतं. सरकारने १९३२ मध्ये साखरेला संरक्षण दिलं आणि देशातले साखर कारखाने पाच वर्षांत तिसेकांवरून सव्वाशेच्या वर गेले. वालचंद हिराचंद यांनी नाशिक जिल्ह्यात रावळगावला आणि इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला उभे केलेले कारखाने याच सुमाराचे. मुंबईत गिरणी कामगार पगारकपातीविरुद्ध १९३४ मध्ये मोठ्या संपावर गेले. पण ज्या कारकुनाचा, मास्तरचा पगार ठरलेला होता आणि नोकरी टिकली होती, त्याच्यासाठी सगळं स्वस्त झालं. आपल्या घराघरांत ऐकलेल्या 'त्या काळच्या स्वस्ताई'च्या गोष्टी आठवा. त्यांतल्या पुष्कळ याच वर्षांतल्या असतील. पगारदाराची स्वस्ताई आणि कुणब्याची महामंदी ही एकच घटना होती, दोन टोकांनी पाहिलेली. रेगन यांच्या विनोदातलं तथ्य म्हणत होतो ते हेच. आणि आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज कुठल्या तरी एका टोकाला होते.

मग शेतकऱ्याने देणी कशी भागवली? सोनं विकून. पौंड स्वस्त झाल्याने रुपयातला सोन्याचा भाव चढला होता, आणि १९३१ च्या शेवटापासून गावोगावच्या पाटल्या, मोहरा, पुतळ्या सराफांमार्फत मुंबईला आणि तिथून बोटीने लंडनला जाऊ लागल्या. काही वर्षांत शेकडो कोटी रुपयांचं सोनं गेलं. शतकानुशतकं जो देश सोनं आत ओढून घेत होता, त्यातून ते पहिल्यांदाच असं बाहेर वाहत होतं. त्यावर तेव्हाही वाद झाला. सरकारचं म्हणणं, लोक चढ्या भावाचा फायदा घेऊन नफा कमवत आहेत. भारतीय अर्थतज्ज्ञांचं म्हणणं, हे अडचणीचं सोनं आहे, चूल पेटवायला घराचं वासं काढून जाळावं तसं. निर्यात थांबवा अशी मागणी झाली, ती मान्य झाली नाही. या सोन्याच्या जोरावर लंडनची देणी वेळेवर भागत राहिली, रुपयाचा १८ पेन्सचा दर टिकला आणि सरकारी कागदोपत्री हिंदुस्थानची पत त्या सगळ्या वर्षांत उत्तम होती.